बायोप्सीनं कॅन्सर पसरतो म्हणे! त्या ‘पेशींचा संवाद’वाल्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या आत्याच्या फोनवर एक लांबलचक मेसेज आला आणि तो शेजारच्या पोरीकडून वाचून घेऊन तिनं ठरलेली बायोप्सी रद्द केली. आत्या सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, जन्मभर विड्या वळल्या, मशेरी अजून सुटली नाही, आणि गालाच्या आत महिना झाला तरी न भरणारी जखम आहे. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासू म्हटलं तर ही म्हणते, "नको गं, सुई लागली की पसरतंय म्हणं ते." मग मी तो मेसेज पूर्ण वाचला.

त्यात लिहिलंय ते असं. पेशी एकमेकींशी बोलतात, बोलणं बंद पडलं की कॅन्सर होतो, हे १९६६ सालीच सिद्ध झालंय पण लपवून ठेवलं. बोलणं परत चालू केलं की गाठ विरघळते, त्यासाठी साखर बंद करा, अल्कलाइन पाणी प्या, गाठीवर हात ठेवून पेशींशी रोज बोला. आणि बायोप्सी तर मुळीच नको, सुई टोचली की पेशी एकमेकींना धोक्याचा निरोप देतात आणि अंगभर पळतात.

१९६६ चं निम्मं खरं आहे, तेवढं मान्य. लोवेनस्टाइन आणि कान्नो या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या लिव्हरवर प्रयोग केले. चांगल्या पेशींमध्ये एकीतून दुसरीत जायला बारीक नळ्या असतात, दोन घरांच्या मधल्या भिंतीत खिडकी असावी तशा, त्यातून क्षार आणि छोटे रेणू इकडून तिकडं जातात. कॅन्सरच्या पेशींमध्ये ही ये-जा त्यांना सापडली नाही. पण यात लपवलं काय? तो पेपर ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलाय, जगानं वाचलाय.

पुढचं मात्र साफ चूक. कॅन्सरच्या पेशी गप्प बसत नाहीत, उलट नको तिथं नको ते बोलतात. गाठ आसपासच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडून स्वतःकडं वाढवून घेते, हे फोकमन नावाच्या सर्जननी १९७१ मध्येच मांडलं. काही कॅन्सरपेशी आपल्याच संरक्षक पेशींना ‘थांबा’ असा इशारा देऊन गप्प करतात, तो इशारा तोडायची औषधं ज्या शोधांवरून निघाली त्यासाठी ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आणि २०१६ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की मेंदूत पोचलेल्या कॅन्सरपेशी तिथल्या पेशींशी ह्याच नळ्या जोडून घेतात आणि त्याच्या जोरावर केमोला दाद देत नाहीत. मग "संवाद वाढवा, बरं व्हा" याला काय अर्थ राहिला? कुठला संवाद, कोणाशी, हे कळल्याशिवाय काहीच बोलता येत नाही.

आणि ते कळतं कशावरून? काढलेल्या तुकड्यावरून! मुळात कॅन्सर आहे की नाही, असला तर कुठल्या जातीचा, ब्रेस्टमध्ये हर-टू (पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रोटीन) जास्त आहे का, हार्मोनचे निरोप घेणारे रिसेप्टर आहेत का, तो ‘थांबा’वाला इशारा दिसतोय का, हे सगळं तुकड्यावरच तपासतात. पेशींच्या बोलण्याचं नाव घेऊन बायोप्सी बंद करायला सांगणं म्हणजे ते बोलणं ऐकायचा रस्ताच बंद करणं, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आलाय.

सुईनं कधीच पसरत नाही असं मी म्हणणार नाही. लिव्हरच्या गाठीत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या केस थोड्या आहेत, अंडकोषाच्या गाठीला डॉक्टर वरून सुई टोचतच नाहीत. त्यांना हे माहीत असतं म्हणूनच कुठं टोचायचं, कुठं आख्खी गाठ काढायची हे ते ठरवतात. तोंडातल्या जखमेचं तर विचारूच नका, रोज कडक भाकरी घासते, शेंगाचटणी लागते, दाताची धार लागते, तेव्हा पेशी पळत नाहीत आणि डॉक्टरांनी डाळीएवढा तुकडा घेतला की पळतात?

"हे सगळं फॉरेनच्या कंपन्यांचं" म्हणणाऱ्यांसाठी घरचाच दाखला देते. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियलनं शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला, २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. विषय बायोप्सी नव्हता, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होता, हे खरंय. पण एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची पुढची तपासणी झाली, गरज वाटली तिथं बायोप्सी झाली, मग उपचार. आठ वर्षांत त्या गटात ३४ बायका ह्या कॅन्सरनं गेल्या, आणि तपासणी न केलेल्या साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. तुकडा काढल्यानं कॅन्सर अंगभर पळत असता तर हे आकडे असे दिसले असते का? ह्या आपल्याच भागातल्या, शेतात राबणाऱ्या बायका होत्या.

बाकीचं पटकन. अल्कलाइन पाण्यानं रक्त बदलत नाही, फुप्फुसं आणि किडनी रक्ताचा पीएच (आंबट-खारटपणाचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात. साखर खायची सोडली तरी लिव्हर ग्लुकोज बनवतंच, आणि तोंड दुखतंय म्हणून आधीच निम्मं जेवणाऱ्या बाईला आणखी पथ्य लावलं तर ती फक्त वाळेल. गाठीवर हात ठेवून बोलायचं असेल तर खुशाल बोला, पण हॉस्पिटलच्या वाटेत.

तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला कमी होणं, यातलं काहीही असलं तर सिव्हिलला दाखवा नाहीतर बार्शीला जा. भुलीचं इंजेक्शन देऊन छोटा तुकडा घेतात, लागलाच तर एखादा टाका घालतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. आणि मशेरी आजच बंद करा, रिपोर्टची वाट बघू नका.