इसबगोल घ्या, पण आधी पाण्याचा ग्लास भरून ठेवा

आपल्या बडोद्यात इसबगोलवर लोकांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या औषधावर असेल. तापाची गोळी घेतानाही माणूस दोनदा विचारतो, "ॲसिडिटी तर होणार नाही ना?" इसबगोल मात्र पाकीट फाडून, तळहातावर ओतून थेट तोंडात. वर दोन घोट पाणी, झालं! "भुसाच तर आहे, त्यानं काय होणार?" हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकते की आज सविस्तर लिहायचंच ठरवलं. इसबगोल चांगलं औषध आहे आणि मी स्वतः ते लोकांना सुचवते. पण ते औषध आहे, आणि पाणी हा त्याच्या डोसाचाच भाग आहे. पाणी कमी पडलं की तेच इसबगोल त्रास देतं.

मी दांडिया बाजारातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. श्रावण आणि नवरात्रात इसबगोलचा खप वाढतो, कारण साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू आणि चहा यांवर दिवस काढले की तिसऱ्या दिवशी पोट रुसतं. उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर गेला की पुन्हा तेच. शरीरातलं पाणी घामावाटे जातं, आतडी मलातलं उरलंसुरलं पाणी शोषून घेतात आणि शौचाला खडा होतो. म्हणजे मुळात पाणी कमी पडल्याचं दुखणं, आणि त्यावर आपण पाणी ओढणारी वस्तू कोरडी गिळतो.

कोणाला पटत नसेल तर मी दुकानात करून दाखवते. स्टीलच्या पेल्यात अर्धा कप पाणी घ्यायचं, त्यात चमचाभर इसबगोल टाकून ढवळायचं आणि पेला तसाच ठेवायचा. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल होईपर्यंत पाणी दिसेनासं होतं. चमचा उचलला की भिजलेल्या सब्जासारखा बुळबुळीत लगदा सगळाच्या सगळा चमच्याला चिकटून वर येतो. हेच आतड्यात झालं तर उत्तम. हा लगदा पचत नाही, पाणी धरून ठेवतो, मल मऊ राहतो आणि पुढे सरकतो. जुलाबातही इसबगोल उपयोगी पडतं ते याच गुणामुळे, कारण ते जास्तीचं पाणी शोषून घेतं. पण हाच लगदा पोटापर्यंत पोचण्याआधी अन्ननलिकेत तयार झाला तर?

माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतल्या एका काकांचं तेच झालं. रात्री झोपताना चमचाभर इसबगोल, वर घोटभर पाणी, आणि लगेच आडवे झाले. थोड्या वेळात छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटू लागलं. घरच्यांनी वरून आणखी पाणी पाजलं, तेही उलटून आलं. थुंकीसुद्धा गिळता येईना. शेवटी एंडोस्कोपी करून तो गोळा काढावा लागला. काका वाचले, पण घरातल्या सगळ्यांची रात्र कशी गेली असेल ते सांगायला नको. अमेरिकेत अशा डब्यांवर गुदमरण्याच्या धोक्याची सूचना छापणं सक्तीचं आहे. इसबगोलचे दाणेदार प्रकार घशात आणि अन्ननलिकेत अडकल्याच्या तक्रारी आल्या म्हणून तिथल्या औषध प्रशासनानं 2007 मध्ये त्या प्रकारांची बिनचिठ्ठीच्या विक्रीची मान्यता काढून घेतली. आणि हा माल पिकतो कुठे? आपल्याच गुजरातेत! ऊंझाच्या बाजारात जिऱ्याबरोबर इसबगोलचे ढीग लागतात, सिद्धपूरच्या कारखान्यांत भुसा वेगळा होतो आणि जहाजानं अमेरिकेला जातो. तिकडचा माणूस सूचना वाचून घेतो. आपण पिकवणारे, आपणच वाचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग घ्यायचं कसं? मोठा ग्लासभर पाणी, अडीचशे मिलीच्या आसपास. त्यात सुरुवातीला एक छोटा चमचा टाकायचा, ढवळून घट्ट होण्याआधी पिऊन टाकायचं आणि वर आणखी थोडं पाणी. बसून प्यायचं, पडून नाही. प्यायल्यावर लगेच अंथरुणावर जायचं नाही, म्हणजे रात्रीच घ्यायचं असेल तर जेवणानंतर, झोपायच्या बऱ्याच आधी. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊ नका. पोट फुगतं, वायू होतो, आणि मग "मला इसबगोल सोसत नाही" म्हणून लोक ते कायमचं बंद करतात. आठवडाभरात हळूहळू वाढवा. आणि सकाळपर्यंत फरक पडला नाही म्हणून दुपारी दुप्पट घेऊ नका. त्याला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. एका रात्रीत "साफ" करणारी जी चूर्णं मिळतात त्यांत बहुतेक वेळा सोनामुखी असते. तिचं काम आतड्याला ढकलण्याचं, इसबगोलचं मल मऊ करण्याचं. काही पाकिटांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून मागची बाजू वाचा. चवीच्या इसबगोलमध्ये साखर किती आहे तेही तिथेच कळतं.

आता ज्यासाठी मी सगळ्यात जास्त भांडते ते. इसबगोल आणि बाकीच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नका. तो लगदा पोटात गोळ्यांनाही वेढतो आणि औषध रक्तात कमी जातं किंवा उशिरा जातं. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, हृदयासाठीचं डिजॉक्सिन, फिट्सवरचं कार्बामाझेपिन, मानसिक आजारावरचं लिथियम, सगळ्यांना हे लागू आहे. दोन गोष्टींत निदान दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडवाल्या कितीतरी काकू सकाळी उपाशीपोटी गोळी आणि त्याच पाण्यात इसबगोल घेतात, मग रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा आकडा, खाली येत नाही म्हणून डोस वाढत जातो. गोळी सकाळी घ्या, इसबगोल संध्याकाळी घ्या, एवढंच करायचं आहे. मधुमेहात इसबगोलनं साखर थोडी उतरू शकते. ते चांगलंच, पण इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

काहींनी मात्र विचारल्याशिवाय हात लावू नये. ज्यांना गिळायला त्रास होतो, पक्षाघात किंवा पार्किन्सन्स आहे, आतड्याचं ऑपरेशन झालंय, जे अंथरुणाला खिळून आहेत. किडनी किंवा हृदयाच्या दुखण्यामुळे ज्यांना पाणी मोजून दिलंय त्यांनीही, कारण पाणी वाढवता येत नसेल तर इसबगोल चालवायचं कशाच्या जोरावर? आणि पोट दुखतंय, उलट्या होताहेत, वायूसुद्धा सरत नाहीये, अशा वेळी इसबगोल अजिबात नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

बद्धकोष्ठतेचं कारण पुष्कळदा घरातल्या गोळ्यांच्या डब्यातच असतं, हेही बोलायला हवं. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, काही रक्तदाबाच्या गोळ्या. थायरॉइड मंद असेल तरी कोठा जड राहतो. अशा वेळी वर्षानुवर्षं भुसा खात राहणं म्हणजे मूळ कारण झाकणं.

जेवणाबद्दल फार लांबण लावत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, सांगते, आणि तेही खाण्यातल्या नैसर्गिक पदार्थांतून. बाजरीचा रोटला, मोडाच्या कडधान्याची उसळ, सालासकट फळं, वालपापडी, हे सगळं आपल्या ताटात होतंच. शंभर ग्रॅम पेरूत पाच ग्रॅमहून जास्त तंतू असतात. खंडेराव मार्केटमधून पाव किलो पेरू आणा की! सकाळी चहा-खारी आणि रात्री मऊ खिचडी, एवढ्यावर राहून वर इसबगोलचं पाकीट, हा हिशेब मला पटत नाही. पण ज्यांचं पोट सतत कुरकुरतं, कधी जुलाब कधी खडा, त्यांनी गव्हाचा कोंडा मुद्दाम वाढवू नये. त्यानं अनेकांचं दुखणं वाढतं. त्यांना इसबगोलच बरं.

शेवटचं, आणि हे लाजून न लपवता करा. शौचातून रक्त, काळा मल, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं. "मूळव्याध असेल" असं परस्पर ठरवून माझ्याकडे इसबगोल मागायला येऊ नका. मी देणार नाही, आधी तपासून या म्हणेन. सयाजी हॉस्पिटलची ओपीडी आहे, आपले फॅमिली डॉक्टर आहेत. आपल्या आया, सासवा हे सांगत नाहीत, आपण विचारायला हवं.

आणि ज्यांच्या घरी चार-पाच औषधं चालू आहेत त्यांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन दुपारी दुकानात या. तेव्हा गर्दी नसते. कुठली गोळी कधी आणि इसबगोल कधी, ते कागदावर लिहून देते. त्याचे पैसे लागत नाहीत.