मोठेपणी झोपेत लघवी होणे हा आळस नव्हे

‘मोठ्या माणसाला झोपेत लघवी होणे हा आळस आणि मनाचा कमकुवतपणा आहे, दुपारी चारनंतर पाणी बंद करा, रोज तीळ, ओवा आणि गुळाचा लाडू खा, साठीनंतर तर हे व्हायचेच, डॉक्टरकडे पैसे घालवू नका’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो आमच्या नातेवाइकांच्या गटावर आला आणि सत्तरी ओलांडलेल्या मामांनी ऐन उन्हाळ्यात संध्याकाळचे पाणी सोडले, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

आळसाचा आरोप आधी निकालात काढतो. हाँगकाँगमध्ये १६ ते ४० वर्षे वयाच्या साडेआठ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २.३ टक्के लोकांचा लहानपणापासूनचा हा त्रास थांबलेलाच नव्हता आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना तो आठवड्यातून तीनपेक्षा जास्त रात्री होत होता. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून स्रवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी पडणे, मूत्राशय अवेळी आकुंचन पावणे, ते भरूनही जाग न येणे, अशी यामागची कारणे आहेत. यांपैकी एकही कारण माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाही, त्यामुळे त्याला लाज वाटायला लावणे हा अन्यायच आहे.

सर्वांत घातक वाक्य आहे ते साठीनंतरचे. आयुष्यभर कोरड्या अंथरुणात झोपलेल्या पुरुषाला उतारवयात अचानक झोपेत लघवी होऊ लागली, तर मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसण्याची शक्यता प्रथम तपासावी लागते. लघवी हळूहळू साठत जाते, मूत्राशय ताणले जाते, पुष्कळदा दुखतही नाही, आणि रात्री स्नायू सैल पडले की ती आपोआप बाहेर पडते. आत साचलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून ती निकामी होऊ शकतात. हे ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याजोगे नाही. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत दिसते, आणि मूत्रपिंडांची स्थिती क्रिएटिनिनच्या साध्या रक्ततपासणीतून कळते.

लाडवाबद्दल एवढेच सांगतो की, नव्याने सुरू झालेल्या या त्रासामागे मधुमेहही असू शकतो आणि तसे असेल तर रोजचा गूळ अपायच करील. पाण्याच्या सल्ल्यात मात्र थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते: झोपण्यापूर्वीचे एक-दोन तास पाणी बेताने पिणे, संध्याकाळचा चहा आणि मद्य टाळणे उपयोगी पडते. परंतु दिवसभराचे पाणी तोडल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह वाढतो, आणि साखर वाढलेल्या माणसाच्या शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते.

मूत्रमार्गाचा संसर्ग, जुनी बद्धकोष्ठता, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणे, रात्री येणारी फिट आणि झोपेची किंवा मानसिक आजाराची काही औषधे, ही कारणे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाहीत. औषधाचा संशय आला तरी ते स्वतःहून बंद करू नये. ज्या डॉक्टरांनी दिले त्यांनाच विचारावे. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांकडून करावी आणि जाताना तीन दिवसांची नोंद न्यावी: किती प्यायलो, किती वेळा लघवीला गेलो, कोणत्या रात्री अंथरूण ओले झाले. लघवीत रक्त, जळजळ, ताप, खूप तहान किंवा लघवीची बारीक धार असेल तर भेट लांबवू नये. पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा आला, किंवा जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा जाणवला, तर मणक्यातील नसांवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.