अमेरिकेशी मैत्री ठेवा, पण आमच्या कापसाच्या जिवावर नको

अमेरिकेशी संबंध तोडा, असं मी म्हणत नाही. पण ते कोणत्या अटींवर ठेवायचे, याचा फेरविचार आता व्हायलाच हवा. आणि तो दिल्लीतल्या जाणकारांपुरता राहू नये, कारण त्याची किंमत जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपडा-यावल पट्ट्याने मोजली आहे.

ऑगस्ट २०२५ आठवा. ७ तारखेला अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मालावर २५ टक्के टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क लागलं, २७ पासून रशियन तेलाच्या नावाखाली आणखी २५. चीनही तेच तेल भरपूर घेत होता, त्याला हा दंड नाही! २००८ चा अणुकरार, २०१६ चा लष्करी तळांच्या वापराचा करार, २०२० चा उपग्रह-नकाशांचा करार, एवढं सगळं झाल्यावर ही वागणूक. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात आरमार पाठवणारी, १९९८ मध्ये निर्बंध लादणारी अमेरिका पुढे जवळ आली ती तिच्या गरजेने. त्यात गैर नाही. आपणही आपली गरज बघावी, एवढंच.

आपण काय केलं? १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. कापड उद्योगाला दिलासा हवा होता. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे उद्योगाची अडचण खरी होती, तिथल्या कामगारांचंही पोट त्यावरच आहे. पण तारखा बघा ना! आमच्याकडे ठिबकवरचा पूर्वहंगामी कापूस मे-जूनमध्ये लागतो आणि सप्टेंबरात वेचणीला येतो. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरच्या कापसाच्या गाठींना दार उघडं. दिवाळीच्या तोंडावर पैसा हवा असतो, हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्राची वाट बघायला लहान शेतकऱ्याला परवडत नाही, माल खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण दारात आलेला व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. वेचणीची मजुरी मात्र किलोमागे रोख द्यावीच लागते. आणि स्पर्धा कोणाशी? सरकारी अनुदान आणि विमा पाठीशी असलेल्या, शेकडो एकर यंत्राने वेचणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्याशी.

संरक्षणात, तंत्रज्ञानात सहकार्य जरूर वाढवा. पण सप्टेंबर ते डिसेंबर कापसाच्या शुल्काला हात लागणार नाही, हे वाटाघाटींना बसण्याआधीच ठरवा. कापड गिरण्यांना मदत करायची तर तिजोरीतून करा. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, चारही खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, हा प्रश्न संसदेत एकत्र मांडावा. तुमच्या खासदाराला ही पोस्ट टॅग करा.