लिटल नेलसाठी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर खरंच झुंबड उडाली होती?

जागतिक पुस्तक दिन आला किंवा एखादी गाजलेली मालिका संपत आली, की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगाडा तोच. '१८४१ साल. चार्ल्स डिकन्सच्या "द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप"चा शेवटचा हप्ता घेऊन इंग्लंडहून जहाज निघालंय. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर हजारोंची गर्दी. जहाज लागायच्या आतच लोक खलाशांना ओरडून विचारतायत, लिटल नेल जिवंत आहे का?' मग पुढचे डबे जोडलेले असतात. डिकन्सला शब्दामागे पैसे मिळत म्हणून त्याने गोष्ट ताणली आणि खपासाठी पोरीला मारलं. ऑस्कर वाइल्डने आपल्या लेखात त्या मृत्यूची टर उडवली. ते दुकान लंडनमध्ये आजही उभं आहे. नेलची कबर टाँग गावी बघायला मिळते. आणि शेवटी, आजोबा-नातीच्या निर्मळ प्रेमाची ही गोष्ट मुलांना जरूर वाचून दाखवा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पुस्तकांबद्दल कुणी चार शब्द लिहितंय हेही कमी नाही. पण यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. त्यातली बरीचशी खोडायला ग्रंथालयं धुंडाळावी लागत नाहीत, ती कादंबरी वाचली तरी भागतं.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नेल ही जेमतेम चौदाची अनाथ मुलगी. आजोबांचं लंडनमध्ये जुन्यापुराण्या चीजवस्तूंचं दुकान. क्विल्प नावाच्या खुनशी सावकाराच्या कर्जात दुकान जातं आणि दोघं पहाटेच शहर सोडून पायी निघतात. भटकत भटकत एका खेड्यातल्या जुन्या चर्चपाशी पोचतात. तिथे नेल मरते.

आता धक्क्याचा प्रसंग. कादंबरी 'मास्टर हम्फ्रीज क्लॉक' या तीन पेनी किमतीच्या साप्ताहिकात २५ एप्रिल १८४० ते ६ फेब्रुवारी १८४१ अशी आली. नेल गेल्याचं वाचकांना कळलं ते ३० जानेवारीच्या अंकात. म्हणजे 'शेवटचा हप्ता' इथेच चुकला, त्याच्या आदल्या आठवड्यातच सगळं संपलं होतं. अटलांटिकखालून तार जायला अजून सतरा वर्षं होती, त्यामुळे बातमी जहाजानेच जाणार हे मात्र खरं.

पण न्यूयॉर्क तेव्हा वर्तमानपत्रांनी गजबजलेलं शहर होतं. 'सन' होता, 'हेरल्ड' होता. युरोपची बातमी इतरांच्या आधी मिळावी म्हणून येणाऱ्या जहाजांकडे होड्या पाठवण्यापर्यंत त्यांची चढाओढ चालायची. अशा गावात, भर गोदीत एका कादंबरीपायी हजारो माणसं जमली आणि कुणी दोन ओळी छापल्या नाहीत? ही गोष्ट सांगणारे त्या आठवड्याच्या कुठल्याच वर्तमानपत्राचा हवाला देत नाहीत. गावही पक्कं नाही. कुणी न्यूयॉर्क म्हणतं, कुणी बॉस्टन. प्रश्नही बदलतो, कधी 'जिवंत आहे का', कधी 'मेली का'. विसाव्या शतकातल्या चरित्रांतून मात्र ती आरामात फिरते. एडगर जॉन्सनच्या १९५२ च्या गाजलेल्या चरित्रातही ती आहे, आणि एकदा चरित्रात बसली की पुढच्याला शोधायची गरज राहत नाही.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे खुद्द डिकन्स पुढच्याच वर्षी अमेरिकेत गेला. २२ जानेवारी १८४२ ला बॉस्टनला उतरला आणि १ फेब्रुवारीच्या मेजवानीत नेलबद्दलच बोलला. काय सांगितलं? तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या दलदलींतून, घनदाट जंगलांतून, ओंडक्यांच्या घरांत राहणाऱ्या माणसांची त्याला पत्रं आली. कुऱ्हाड-फावडं चालवून घट्टे पडलेल्या हातांनी लेखणी उचलली आणि आपापल्या घरातली सुखदुःखं कळवली. आपल्यासाठी धक्क्यावर माणसांचा पूर लोटला होता असं वर्षभरापूर्वीच घडलं असतं, तर यजमानांनी ते त्याला ऐकवल्याशिवाय सोडलं असतं का? आणि डिकन्स, टाळ्या घ्यायची एकही संधी न सोडणारा माणूस, त्या व्यासपीठावरून ते वगळून गेला असता? दोन आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात त्याच्या स्वागताचा 'बॉझ बॉल' हा नाचाचा समारंभ झाला (बॉझ हे डिकन्सचं टोपणनाव). तीनेक हजार माणसं आली होती. सजावट, खाणंपिणं, कपडे, सगळ्याची रसभरीत वर्णनं उपलब्ध आहेत. त्या शहराला गर्दीची बातमी करता येत नव्हती असं नाही.

कुणा उतावळ्या वाचकाने एखाद्या खलाशाला गाठून नेलबद्दल विचारलंच नसेल, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एखाद्याने विचारलंही असेल. त्या एकाचे हजारो करताना पुरावा लागतो, तेवढाच मुद्दा आहे.

वाचकांच्या जिवाची घालमेल झाली होती याचे अस्सल पुरावे आहेत, आणि मला ते दंतकथेपेक्षा जास्त आवडतात. नोव्हेंबर १८४० मध्ये डिकन्सने आपल्या प्रकाशकांना कळवलं की नेलवर दया करा अशा विनवण्यांच्या पत्रांचा पाऊस पडतोय: काल सहा आली, आज चार, आणि अजून दुपारचे बाराही वाजलेले नाहीत. पाऊस म्हणजे किती, तर दीड दिवसात दहा पत्रं. दुसरा साक्षीदार नट विल्यम मॅक्रेडी, डिकन्सचा जवळचा मित्र. त्याच नोव्हेंबरात त्याची तीन वर्षांची मुलगी गेली होती. त्याने डिकन्सला नेलला वाचव म्हणून विनवलं होतं, आणि जानेवारीत ती पानं वाचल्यावर छापील शब्दांनी इतकी वेदना आपल्याला कधी दिली नव्हती, असं रोजनिशीत लिहून ठेवलं. ही माणसं खरी, तारखा खऱ्या. पण फॉरवर्डला गर्दी लागते.

पैशांचं म्हणाल, तर डिकन्सला शब्दामागे पैसे कधीच मिळत नव्हते. त्याच्या इतर कादंबऱ्यांबद्दलही हेच बोललं जातं आणि तिथेही ते चूकच आहे. हप्त्याची पानं ठरलेली असत, मोबदलाही ठरलेला. या साप्ताहिकासाठी त्याचे प्रकाशक चॅपमन अँड हॉल त्याला दर अंकाला ५० पौंड आणि नफ्यात निम्मा वाटा देत. चार शब्द जास्त घुसडून हातात काही पडणार नव्हतं.

खपाशी या कादंबरीचा संबंध होता, पण वेगळा. 'क्लॉक'ची मूळ कल्पना सुट्या गोष्टी, पत्रं, गप्पा अशा भेळीची होती. पहिला अंक सत्तर हजारांच्या आसपास गेला. मग लोकांच्या लक्षात आलं की यात सलग कादंबरी नाही आणि खप धाडकन उतरला. तेव्हा डिकन्सने नेलची छोटीशी म्हणून सुरू केलेली गोष्ट फुगवून कादंबरी केली. तो सांधा अजून दिसतो. पहिली तीन प्रकरणं म्हातारा मास्टर हम्फ्री 'मी' म्हणून सांगतो आणि तिसऱ्याच्या शेवटी वाचकांचा रीतसर निरोप घेऊन जो निघून जातो, तो कादंबरी संपेपर्यंत परत येत नाही. आधी आखून लिहिणारा लेखक निवेदकाला असा मध्येच वाटेला लावत नाही. पुढे खप लाखाच्या घरात गेला. म्हणजे पैशांच्या काळजीने नेलला कादंबरीभर आयुष्य मिळालं, मरण नव्हे.

मरणाची सूचना जॉन फॉर्स्टरची, डिकन्सचा मित्र आणि पुढे चरित्रकार. निम्मी कादंबरी झाल्यावर या मुलीचा शेवट असाच व्हायला हवा हे आपण सुचवलं, तोवर डिकन्सच्या मनात तसं नव्हतं, असं त्याने स्वतः लिहिलंय. फॉर्स्टर स्वतःचं महत्त्व थोडं वाढवून सांगणारा गृहस्थ होता, ते गृहीत धरूनही. आणि ते लिहिताना डिकन्सची काय अवस्था होती? मे १८३७ मध्ये त्याची मेहुणी मेरी होगार्थ सतराव्या वर्षी त्याच्या हातांत गेली होती. जानेवारी १८४१ मध्ये नेलचा शेवट लिहिताना त्याने फॉर्स्टरला कळवलं की या दुःखी कथेचा विचार करताना मेरी कालच गेल्यासारखं वाटतं. याला गल्लाभरू म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

ऑस्कर वाइल्डचं ते वाक्य, लिटल नेलचं मरण वाचून हसू न यायला काळीज दगडाचं हवं, त्याच्या कुठल्याही लेखात नाही. त्याची मैत्रीण अडा लेव्हरसन हिने ते १९३० मध्ये आठवण म्हणून छापलं, वाइल्डला जाऊन तीस वर्षं झाल्यावर. तो तसं बोलला असेलही, ढंग त्याचाच आहे. पण बोलणं आणि लिहिणं यात फरक आहे.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. या वाक्यावर टाळी देणारे आणि त्यावर चिडणारे, दोघंही धरून चालतात की डिकन्सने नेलचा मृत्यू पानंच्या पानं रंगवलाय. एकाहत्तरावं प्रकरण काढून बघा. मरणाचा प्रसंगच तिथे नाही. बर्फातून प्रवास करून किट, दुकानात कामाला असलेला पोरगा, आणि मंडळी पोचतात तेव्हा ती जाऊन दोन दिवस झालेले आहेत. समोर आहे तो विस्तवापाशी कण्हत बसलेला म्हातारा. तो म्हणतो, हळू बोला, ती झोपलीय. तिचे ठेवलेले कपडे बाहेर काढून दाखवतो, झिजलेले बूट दाखवतो. आलेल्यांना कळून चुकतं, आपल्यालाही कळतं, त्याला कळत नाही. त्यानंतर कुठे 'ती गेली होती' हे वाक्य येतं, आणि तिच्या खोलीतल्या पिंजऱ्यात तिचा पक्षी, बोटाने दाबला तर मरेल एवढासा, टुणटुण हलतोय. त्यानंतरच्या परिच्छेदांत डिकन्स गळा काढतो, हे मीही म्हणेन. गद्याची चाल चक्क निर्यमक पद्याची होते, हे समीक्षक आर. एच. हॉर्नने १८४४ मध्येच दाखवून दिलं होतं. पण टीका करायचीच तर त्या परिच्छेदांवर करावी. जे लिहिलंच नाही त्यावर कशाला?

दुकानाचा आणि कबरीचा निकाल तर कादंबरीच लावते. लंडनच्या पोर्ट्समथ स्ट्रीटवर सोळाव्या शतकातली एक वाकडीतिकडी इमारत आहे, पाटीवर 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' असं झोकात लिहिलेलं. आज तिची मालकी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे आहे. इमारत जुनी आहे यात वाद नाही, पण नाव कादंबरी गाजल्यानंतरचं आहे. आणि शेवटच्या प्रकरणात काय लिहिलंय? मूळ घर केव्हाच पाडलं गेलं, त्या जागी चांगला रुंद रस्ता झाला. किट आपल्या मुलांना तिथे घेऊन जातो, सुरुवातीला काठीने जमिनीवर चौकोन आखून 'इथे होतं' म्हणून दाखवतो. पुढे पुढे त्यालाच जागा आठवेनाशी होते. 'असेल इथेच कुठेतरी,' एवढंच तो म्हणतो. जे दुकान लेखकाने स्वतः जमीनदोस्त केलं आणि ज्याची जागा त्याच्या पात्रालाही सापडत नाही, त्याच्यासमोर आपण सेल्फी काढतो.

श्रॉपशरमधलं टाँग हे कादंबरीतल्या शेवटच्या खेड्याचं मूळ, हे बऱ्याच जणांना मान्य आहे, त्यावर माझं भांडण नाही. कबर मात्र पर्यटकांसाठी आहे. चर्चच्या दफन-नोंदवहीत नेलचं नावही सापडतं. ते मागाहून घुसडलेलं आहे आणि पोस्टाच्या शाईने लिहिलंय, असं गाववालेच हसत सांगतात. ही कबर चर्चच्या बाहेर आवारात आहे. कादंबरीत नेलला चर्चच्या आत पुरलंय, ती नेहमी विचार करत बसायची त्या कोनाड्यात, फरसबंदीखाली. बनवणाऱ्याने बहात्तरावं प्रकरण तरी वाचायचं.

राहिलं ते निर्मळ प्रेम. म्हाताऱ्याचा नातीवर जीव आहे, शंकाच नाही. पण दुकान क्विल्पच्या घशात का गेलं? म्हातारा रोज रात्री पोरीला एकटीला घरात ठेवून जुगार खेळायला जायचा म्हणून. तिला श्रीमंत करायचंय, हे त्याचं कारण. लंडन सुटलं तरी पत्ते सुटत नाहीत. वाटेत पावसापाण्याचा आसरा म्हणून एका गुत्त्यात थांबतात, तर तिथे डाव रंगलेला. तिच्याजवळचे पैसे तो हट्टाने घेतो आणि हरतो. रात्री अंधारात कुणीतरी रांगत तिच्या बिछान्यापाशी येतं, कपडे चाचपतं, उरलेले पैसे काढून घेतं. भीतीने गारठलेली नेल आजोबांना उठवायला धावते आणि दारातून बघते, तर आजोबाच पैसे मोजत बसलेले.

दुसऱ्या दिवशी ती हळूच विषय काढते: माझे पैसे गेले, कुणी गंमत म्हणून तर घेतले नसतील? तो घाईघाईने म्हणतो, पैसे कुणी गमतीने घेतं का? घेणारे ठेवायलाच घेतात. चोर तोच, आणि उत्तरही तोच देतोय. पुढे आसरा देणाऱ्या मेणाच्या पुतळ्यांवाल्या बाईच्या पेटीवर त्याचा डोळा जातो तेव्हा नेल त्याला ओढून पुन्हा रस्त्यावर काढते. त्या पायपिटीने तिची तब्येत जी ढासळते ती सुधारत नाही. मुलांना वाचून दाखवायचंच तर दाखवा, पण 'आजोबा चोर होते का?' या प्रश्नाची तयारी ठेवून.

पोस्टच्या काही आवृत्त्यांत या आजोबांना 'मिस्टर ट्रेंट' म्हटलेलं असतं. नेलचे ते आईचे वडील. ट्रेंट हे नेलच्या बापाचं आडनाव. म्हाताऱ्याला डिकन्सने त्र्याहत्तर प्रकरणांत नावच दिलेलं नाही.