मान कामावर गेली, कागदावर मात्र 'वयामुळे झीज'

नागपूरजवळ हिंगण्यात किंवा बुटीबोरीत कारखान्यात एखाद्याचं बोट मशीनमध्ये गेलं तर लगेच गाडी निघते, सुपरवायझर धावतो, कागद तयार होतात. त्याच माणसाच्या डोक्यावरून सिमेंटचं ५० किलोचं पोतं घसरलं, मानेत कळ गेली, उजव्या हाताला मुंग्या येऊन पकड सुटली, तर उत्तर ठरलेलं आहे: "काही नाही झालं बे, लचक भरली. शेकून घे, उद्या ये." डोकं फिरतं हे ऐकून. रक्त दिसत नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून दावा नाही. वर सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील विचारणार, अपघात झाला होता तर त्या दिवशी कोणाला सांगितलं का नाही? अरे, सांगितलं होतं ना! तुमच्याच माणसाने लिहिलं नाही.

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची, म्हणजे यादी, जोडलेली होती. कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के गेली, ते तिच्यात छापलं होतं. अंगठा गेला तर ३० टक्के. मान त्या यादीत नव्हतीच. मणका सरकला, नस दबली, तर टक्का डॉक्टर ठरवणार आणि त्यावर भांडण होणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण कायमच्या पूर्ण अपंगत्वाचं सूत्र तेच राहिलं: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. आणि मानेचं भांडणही तिथंच राहिलं.

हे भांडण किती रुपयांचं आहे ते बघा. जुन्या कायद्यात ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये महिना पगार धरतात, प्रत्यक्षात कितीही असो. त्याचे ६० टक्के ९,०००. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणांक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३० रुपये. डॉक्टरने कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं लिहिलं तर ६,६३,०१२ मिळतात. १० टक्के लिहिलं तर १,६५,७५३. एका ओळीवर पाच लाखांचा फरक पडतो, आणि ती ओळ ओपीडीत घाईघाईत लिहिली जाते.

सगळ्यात जास्त राग पहिल्या केसपेपरचा येतो. त्यावर असतं, 'दोन दिवसांपासून मानदुखी'. बस्स. कुठे, काय करताना, किती वजन उचलताना, काही नाही. कंपनीचा माणूस सोबत येतो, तोच बोलतो, तोच पैसे देतो, आणि कामगार दुखण्याने इतका बेजार असतो की त्याला कागद वाचायचं भान नसतं. भाऊ, पहिल्याच भेटीत डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक कंपनीत, हे काम करताना लागलं. कामावरचा अपघात म्हणून पोलिसांना कळवण्याची नोंद, म्हणजे एमएलसी, करायला लावा. लिहिलेलं वाचून घ्या आणि तिथंच फोटो काढा.

मग येतो एक्स-रे. एक्स-रेत हाड दिसतं, दोन मणक्यांमधली चकती दिसत नाही, नसही दिसत नाही. चाळिशीच्या पुढच्या बहुतेक माणसांच्या मानेत थोडीफार झीज दिसतेच, डोक्यावर ओझं वाहणाऱ्याच्या तर दिसणारच. 'स्पॉन्डिलोसिस, वयोमानानुसार', म्हणजे वयामुळे मणक्याची झीज, एवढा अहवाल आला की कंपनी हात झटकायला मोकळी! आधीची झीज कामाच्या ताणाने किंवा अपघाताने बळावली आणि त्यातून हात निकामी झाला, तर आपली न्यायालयं त्याचा कामाशी संबंध धरतात. पण कालपर्यंत हा माणूस पोती वाहत होता आणि आज वाहू शकत नाही, हे कागदावर आलं पाहिजे. त्यासाठी हजेरीपट आणि पगाराच्या चिठ्ठ्या लागतात. त्या आजच बाजूला काढून ठेवा, नंतर कोणी देत नाही.

एमआरआय लवकर करायचा तो याचसाठी. ताज्या इजेत हाडाच्या आत आणि स्नायुबंधांत सूज असते, ती एमआरआयच्या 'स्टिर' प्रकारच्या चित्रात पांढरी चमकते. हाडाला आलेले काटे जुन्या झिजेचे. सूज काही आठवड्यांत ओसरायला लागते, आणि चार महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये फक्त काटे उरतात. नेमके तेच काटे घेऊन समोरचा वकील उभा राहतो. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली, म्हणजे सी ५-सी ६ मधली, चकती नस दाबत असेल तर बहुधा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होतं. सी ६-सी ७ असेल तर मधलं बोट, आणि कोपर ताठ करायची ताकद कमी होते. कामगाराची तक्रार, तपासणी आणि एमआरआयमधली पातळी, तिन्ही जुळली की 'नाटक करतो' म्हणायला जागा उरत नाही. नसांची तपासणी, ईएमजी-एनसीव्ही, इथं फार उपयोगी पडते, पण इजेनंतर तीनेक आठवड्यांनी करा. त्याआधी ईएमजीत बदल न दिसण्याचीच शक्यता जास्त.

आता टक्क्याचा घोळ. 'मानेचं कायमचं अपंगत्व १५ टक्के' असं प्रमाणपत्र घेऊन माणूस येतो आणि त्याला वाटतं काम झालं. नाही झालं! शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईची क्षमता वेगळी. अपघाताच्या वेळी हा माणूस जी कामं करू शकत होता त्यातली किती गेली, हे कायद्याला हवंय. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच एका सुताराच्या प्रकरणात सांगितलं की डावा हात गेलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून नुकसान पूर्ण १०० टक्के. पन्नास वर्षं झाली! तरी आजही हमालाच्या प्रमाणपत्रावर टेबलावर बसणाऱ्या बाबूचा टक्का लिहितात. डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्या: मान दोन्हीकडे किती अंश वळते, हाताची ताकद ५ पैकी किती, स्नायू वाळलाय का, डोक्यावर किंवा खांद्यावर वजन घेता येतं का, आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती टक्के गेली.

हे सगळं करण्याआधी एक तपासा: ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, विमा आहे का? पगारातून ०.७५ टक्के कापत असतील तर दावा मालकावर नाही, महामंडळाकडे जातो. तिथं तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात आणि कायमचा टक्का वैद्यकीय मंडळ ठरवतं. पण त्यासाठी मालकाने फॉर्म १२, म्हणजे अपघाताचा अहवाल, भरायला हवा, आणि 'लचक' म्हणणारा सुपरवायझर तो भरेल कशाला?

ईएसआय नसेल तर मालकाला लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. ठेकेदाराचा माणूस असाल तर ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांना द्या, कारण १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ खाली मूळ कंपनीही जबाबदार आहे. 'आमच्या रोलवर नाही' हे उत्तर ऐकून घरी जाऊ नका. कंपनीने स्वतःच्या डॉक्टरकडे फुकट तपासणीला बोलावलं तर जा, नाही गेलात तर हक्क लटकतो. कोऱ्या कागदावर सही मात्र मेलात तरी करू नका. तशी सही करून हक्क सोडला तरी त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो करार रद्दबातल आहे, पण तो कागद रद्द करून घ्यायलाच वर्ष जातं.

घरी पडून असताना दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळायला हवी, १५,००० वर ३,७५० रुपये, पाच वर्षांपर्यंत. उपचाराचा खरा खर्च वेगळा. कोण देतं हे आपणहून? रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते, महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबब पटण्यासारखी नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड मालकाच्या खिशातून जातो, विमा कंपनी तो भरत नाही. म्हणून अर्जात व्याज आणि दंड वेगळे मागा, मोघम 'नुकसानभरपाई द्यावी' लिहू नका.

नागपुरात १९२३ च्या कायद्याचे दावे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून चालवतात. त्या कायद्याचं कलम २५अ म्हणतं तीन महिन्यांत निकाल लावा. आणि तारखा कशावरून पडतात? डॉक्टर साक्षीला आले नाहीत यावरून. प्रमाणपत्र नुसतं जोडून भागत नाही, समोरच्याने आक्षेप घेतला की लिहिणाऱ्या डॉक्टरने येऊन सांगावं लागतं. समन्स जातं, डॉक्टर बदलून गेलेले असतात, पुढची तारीख पडते. ज्याच्या सहीवर सोळा लाख की दीड लाख हे ठरतं, त्याने एक सकाळ काढून कोर्टात येऊन दोन वाक्यं बोलायला काय हरकत आहे? प्रमाणपत्र घेतानाच विचारा, डॉक्टरसाहेब, साक्षीला याल ना? नाही म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा, त्याच दिवशी.