इलेक्ट्रॉनांचा स्पंद आखूड राखणे हेच खरे कठीण
फोटोकॅथोडवर, म्हणजे प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पृष्ठभागावर, आपण लेख दिला होता. लेसरचा स्पंद (क्षणिक झोत) जितका आखूड तितकाच इलेक्ट्रॉनांचा स्पंद आखूड, असे त्या लेखात म्हटले आहे. रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवणारा म्हणून मला त्यात भर घालावीशी वाटते. फोटोकॅथोडमधून सुटताना हे बहुतांशी खरे असले, तरी त्या क्षणी इलेक्ट्रॉनांचा वेग कमी असतो आणि ते एकमेकांना दूर लोटत असल्याने दाट पुंजका लगेच पसरू लागतो. म्हणूनच तीव्र विद्युतक्षेत्राने त्यांना तत्काळ प्रकाशवेगाजवळ नेतात, सुरुवातीचा स्पंद बहुधा काही पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) ठेवतात आणि ऊर्जा वाढल्यावर चुंबकांच्या वळणमार्गातून तो फेम्टोसेकंदांपर्यंत (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) दाबतात.

कॅथोडच्या पदार्थाविषयी मात्र अधिक लिहायला हवे होते. तांब्यासाठी सुमारे २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो आणि दहा हजार फोटॉन पडले तरी जेमतेम एक इलेक्ट्रॉन सुटतो. सीझियम टेल्युराइड हा कॅथोडचा दुसरा पदार्थ शेकडो पट सरस, पण अतिउच्च निर्वातातही पृष्ठभाग बिघडून हळूहळू मंदावणारा. पावसाळ्यात आमच्याकडे घासूनपुसून ठेवलेला तांब्याचा हंडा काही दिवसांतच काळवंडतो. तो पाहिलेल्या विद्यार्थ्यांना पृष्ठभागाचे हे महत्त्व चटकन उमगते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक (कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या) केंद्राचा ‘डेल्ही लाइट सोर्स’ हा वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रारणे मिळवण्याचा प्रकल्पही फोटोकॅथोडवरच आधारलेला आहे. त्यावर स्वतंत्र लेख अवश्य द्यावा.