तलवारीत स्वतःचं काहीतरी घालावंच लागतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या ३.५ आवृत्तीत जादूची वस्तू घडवायला नाण्यांबरोबर एक्सपीही, म्हणजे ज्यांवर पात्राची लेव्हल वाढते ते अनुभवाचे गुणही, मोजावे लागत. त्या नियमाची मी बाजू घेतली आणि ते तुम्हाला पटलं नाही. तुमचा आक्षेप असा : तलवार मिरवणार फायटर म्हणजे लढवय्या, लेव्हल घटणार ती घडवणाऱ्या विझार्डची, म्हणजे जादूगाराची. ३.५वरच बेतलेल्या २००९च्या 'पाथफायंडर' या खेळाने हा खर्च काढला, तेच बरं झालं.

आधी एक दुरुस्ती. लेव्हल घटत नाही. ती घटेल इतके एक्सपी खर्च करायला नियमातच मनाई आहे. पुढची लेव्हल लांबते, एवढंच. शिवाय ३.५मध्ये प्रत्येकाचे एक्सपी त्याच्या स्वतःच्या लेव्हलवरून ठरतात, म्हणून मागे राहिलेल्याला त्याच लढाईतून जास्त मिळतात. +२ तलवारीच्या, म्हणजे वारात दोनची भर घालणाऱ्या तलवारीच्या, जादूची किंमत ८,००० नाणी. घडवणाऱ्याला लागतात ४,००० नाणी, ३२० एक्सपी आणि ८ दिवस. सातवीतून आठवी लेव्हल गाठायला ७,००० एक्सपी लागतात, त्यापुढे ३२० फार नाहीत.

पण खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मूळ लेखात मी ते टाळायला नको होतं.

तरी एक प्रसंग सांगतो. आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्र खेळणारीने, जखमा भरणारी वाँड (जादूची कांडी) केली : ३७५ नाणी, ३० एक्सपी, ५० चार्ज म्हणजे पन्नास वेळा वापर. तिने पन्नास चिंचोके मोजून डबीत भरले आणि प्रत्येक वापराला एक काढून टेबलावर ठेवायची. शेवटचे पाच उरले तेव्हा कोणी मागायच्या आधी तिच्याकडे बघायचं. बाजारातून ७५० नाण्यांना घेतलेल्या वाँडला हा मान आमच्याकडे कधी मिळाला नाही. तीस एक्सपी म्हणजे रक्कम किरकोळच, पण त्या वाँडमध्ये तिचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं.

२००९च्या 'पाथफायंडर'मध्ये उरतात पैसा आणि वेळ. कारागीर असलेल्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या चमूला, सगळं निम्म्या किमतीत पडतं. ते आवरायचं तर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, वस्तू घडवायला वेळच द्यायचा नाही, एवढाच उपाय. मग नियमाऐवजी डीएम वाईट ठरतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांनी दुसरं टोक गाठलं. दिवसाला २५ नाण्यांचं काम, आणि लेजेंडरी, म्हणजे दंतकथेत शोभेल अशा दर्जाच्या, वस्तूला ५,००,००० नाणी. म्हणजे २०,००० दिवस, जवळजवळ ५५ वर्षं! एकट्या माणसाचं आयुष्य त्यात सरेल.

मला मनापासून आवडतो तो याच पाचव्या आवृत्तीचा २०१७चा नियम. लेजेंडरी वस्तूला ५० आठवडे आणि १,००,००० नाणी, शिवाय एक दुर्मिळ जिन्नस. तो मिळवायचा तर १९ किंवा त्याहून वरच्या चॅलेंज रेटिंगच्या (प्राणी किती घातक, हे सांगणारा आकडा) प्राण्याशी गाठ पडते. इथे तुमचा आक्षेपही मिटतो. जिन्नस आणायला फायटरलाही जावं लागतं, मार त्यालाही बसतो. वस्तू हातात येते तेव्हा ती कुठून आली हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

तेव्हा एक्सपीचाच हट्ट मी सोडतो. निव्वळ पैसे मोजून जादू घडावी, हे मात्र मला अजूनही मान्य नाही. तुमच्या टेबलावर 'पाथफायंडर'चा नियम चालत असेल, तर नाण्यांच्या जोडीला असा एक जिन्नस मागून बघा, आणि काय झालं ते नक्की कळवा.